पाच मेचं तिकीट

टपालातून न फिरलेलं तिकीट म्हणजे नुसता रंगीत कागद, असं अप्पांचं मत होतं. या मताला सांगलीत कुणी आव्हान दिलं नव्हतं, कारण पोस्टाच्या तिकिटांबद्दल मत असलेला दुसरा माणूस त्यांच्या गल्लीत नव्हताच.

अप्पा, म्हणजे हरिहर मास्तर, शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर पोरांची चित्रं तपासायची राहिली नाहीत, तेव्हा जुना छंद त्यांनी पूर्णवेळ धरला. विषय एकच, शांतता आणि स्वातंत्र्य. ज्या देशानं म्हणून शांततेचं किंवा स्वातंत्र्याचं तिकीट छापलं, ते अप्पांना हवं. त्यामुळे घरात कबुतरंच कबुतरं. निळी, पांढरी, चोचीत फांदी धरलेली, फांदी विसरलेली.

"ज्यानं जास्त तोफा विकल्या त्याचं कबुतर जास्त गुबगुबीत," अप्पा भिंगातून बघत म्हणायचे. "हे पहिल्यांदा मी शोधून काढलंय. लिहून ठेव."

त्यांची मुलगी नीलांबरी हे सगळं ऐकतच मोठी झाली आणि लग्न करून नेदरलँड्सला गेली, नवऱ्याच्या व्हिसावर. नवरा अभिजित तिथल्या फेल्डहोवन गावी, चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. पहिली दोन वर्षं ती सायकल शिकली, डच शिकली, मग मुलगी झाली, मग एका छोट्या हिशेब-कचेरीत नोकरी लागली. अप्पांनी तिच्या संसाराबद्दल फारसं कधी विचारलं नाही. ते विचारायचे, "तिकडं सरकारनं यंदा कुठलं तिकीट काढलं?"

२०२० साली तिकडच्या पोस्टानं स्वातंत्र्याच्या पंच्याहत्तर वर्षांची तिकिटं काढली.

· · · · · · · · · · · · · · · · · ·

जर्मन सैन्य गेलं तो पाच मे. देशभर मिरवणुका, गाणी, जत्रा ठरलेल्या. आणि मार्चमध्ये सगळं बंद. रस्त्यावर माणूस दिसेना. दीड मीटरचे पट्टे तेवढे जमिनीवर.

"स्वातंत्र्याची पंच्याहत्तर वर्षं, आणि सगळे घरात कोंडलेले!" अप्पा व्हिडिओ कॉलवर खूश झाले होते. "नीला, याच्यापेक्षा भारी तिकीट जन्मात निघणार नाही. मला ते फिरलेलं पाहिजे. पाच मेच्याच शिक्क्याचं. आणि ऐक, शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर यायला हवा. वर्तुळ दोघांवर पडलं, की तिकीट पाकिटाला बांधलं जातं. नाहीतर कुणीही म्हणेल मागनं चिकटवलं."

"अप्पा, इथे हातानं शिक्के कुणी मारत नाही आता. यंत्र रेघा ओढतं."

"तू सांगितलंस तर मारतील. गोड बोल. आईवर गेलीयेस ना?"

नीलांबरीच्या मागून तिची मुलगी वल्लरी डोकावली. तेव्हा ती सात वर्षांची होती. तिच्या तोंडात तीन भाषा एकत्र मळलेल्या असत.

"वल्लरीबाई, जेवलात का?"

"नीट जेवली."

"वा! शाबास!"

नीलांबरीला हसू आवरेना. "अप्पा, डचमध्ये नीट म्हणजे नाही. ती जेवलेली नाहीये. सकाळपासून नाटकं चाललीयेत."

"म्हणजे मी इतके दिवस उपाशी पोरीला शाबासकी देतोय?" अप्पा म्हणाले. मग तिकडून जो हशा उठला त्यात विनयदादा होता, शर्मिलावहिनी होती, आणि खोकल्यात संपलेलं अप्पांचं हसू होतं. तेव्हा त्या खोकल्याला कुणी घाबरलं नाही. तो तंबाखूचा जुना खोकला होता.

· · · · · · · · · · · · · · · · · ·

पाच मेला ती सायकलवर निघाली. दारोदार झेंडे होते आणि झेंड्यांखाली कुणीच नव्हतं. पोस्टाचं काउंटर एका पुस्तकाच्या दुकानात, पारदर्शक पडद्यामागं. पडद्यामागच्या बाईंना तिनं आपल्या कच्च्या डचमध्ये सगळं समजावलं. म्हातारे वडील, कबुतरं, अर्धं वर्तुळ इकडे, अर्धं तिकडे. परदेशी टपालाला एक तिकीट पुरेना, म्हणून शेजारी दोन साधी लावलेली होती.

बाईंनी खण उघडला, शोधून शोधून एक जुना शिक्का काढला, त्याच्यावर तोंडानं वाफ सोडली, मग साथीची आठवण होऊन कानकोंड्या झाल्या. "माझ्या वडिलांनाही नाण्यांचा नाद होता," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला. सुरेख गोल. पाकिटाच्या पांढऱ्यावर अर्धा, स्वातंत्र्यावर अर्धा.

"पण भारताचं टपाल सध्या जात नाहीये हं. जाईल की नाही, सांगता येत नाही."

"असू दे," नीलांबरी म्हणाली. "फिरलं पाहिजे, एवढंच."

ते फिरलं. किती लांब गेलं कुणास ठाऊक, पण जूनमध्ये तिच्याच दारात परत येऊन पडलं, वर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. त्या देशाची सेवा तात्पुरती बंद, पाठवणाऱ्याकडे परत.

तिला वाटलं अप्पा हिरमुसतील. कॉलवर ऐकून अप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले.

"परत आलं? चिठ्ठी लावून? नीला! अगं स्वातंत्र्याचं तिकीट, आणि त्याला देशाबाहेर जाऊ दिलं नाही! हे माझ्या संग्रहाचं शेवटचं पान झालं बघ. त्याला हात लावू नकोस. तिकीट काढू नकोस हं पाकिटावरनं. तसंच ठेव."

"टपाल सुरू झालं की पाठवते."

"पोस्टावर माझा आता विश्वास नाही. तू येशील तेव्हा हातानं घेऊन ये."

"येईन की दिवाळीत."

दिवाळीत कुणीच कुठे गेलं नाही. पाकीट ती भांड्यांच्या कपाटावर, जाड पुस्तकात ठेवून होती.

· · · · · · · · · · · · · · · · · ·

हिवाळ्यात इथल्या शाळा पुन्हा बंद झाल्या. अभिजित वरच्या खोलीत यंत्रांशी बोलत बसायचा, नीलांबरी जेवणाच्या टेबलावर इतरांचे हिशेब बघायची, आणि वल्लरी अप्पांच्या ताब्यात असायची. सांगलीहून स्क्रीनवर रोज एक तास.

"हे बघ. सरकार तिकीट काढतं आणि मी पण तिकीट काढतो. सरकार छापून काढतं, मी भिजवून काढतो. कोमट पाणी घ्यायचं. ताटलीत. ओढायचं नाही. तिकीट आपणहून सुटतं. मग चिमट्यानं उचलायचं आणि उलटं वाळत घालायचं."

"उलटं व्हाय?"

"सुलटं घातलं तर कागदाला चिकटेल परत. गोंद विसरत नाही."

वल्लरीनं आईच्या ऑफिसची पाकिटं भिजवली, बँकेची भिजवली, शेजारच्या आजींची नाताळची कार्डं मागून आणून भिजवली. आणि जानेवारीतल्या एका दुपारी, आजोबांना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून, खुर्चीवर चढून तिनं कपाटावरचं जाड पुस्तक काढलं.

नीलांबरी मीटिंग संपवून उठली तेव्हा खिडकीत तीन तिकिटं वाळत होती. शेजारी पाकीट, पिवळ्या चिठ्ठीसकट, कोपऱ्यात ओलं. त्याच्यावर शिक्क्याचं अर्धं वर्तुळ उघडं पडलेलं.

"फॉर आजोबा!" वल्लरी म्हणाली. "मी काढलं! ओढलं नाही!"

नीलांबरीनं पोरीच्या ओल्या बोटांवर टॉवेल घातला. नंतर एकटी असताना तिनं तिकीट पाकिटावर ठेवून पाहिलं. वर्तुळ जुळत होतं. फक्त बांधलेलं नव्हतं. तिनं सगळं परत पुस्तकात ठेवलं आणि अप्पांना सांगायचं पुढं ढकललं. समोरासमोर सांगू, तेव्हा रागावले तरी हात धरता येईल.

· · · · · · · · · · · · · · · · · ·

एप्रिलच्या शेवटाला अप्पांना दवाखान्यात ठेवलं. तंबाखूचा नव्हे, तो खोकला.

विनयदादाचे फोन तुटक तुटक यायचे. ऑक्सिजन लावलाय. बेड मिळाला हेच नशीब. तुझ्या वहिनीलाही ताप आहे. इंजेक्शन शोधतोय. बोलतायत थोडं थोडं. तू नको काळजी करू.

"जाऊन यावं का?" तिनं अभिजितला विचारलं. भांडी घासता घासता, पाठमोरीच.

"जाशील गं. परतीचं काय? सोमवारपासून भारतातून विमानं येऊ देणार नाहीत. तिथे अडकलीस तर महिना, दोन महिने, कोण सांगणार? वल्लरीचं काय? अप्पा म्हणाले का ये म्हणून?"

"अप्पा कुठले म्हणतायत. मागे तर म्हणाले, इकडं येऊ नकोस या गोंधळात."

"मग? बघू थोडं."

बघू. त्या वर्षी या शब्दानं किती माणसं आपापल्या जागी बसवून ठेवली! नीलांबरीनं विमानांचं संकेतस्थळ उघडलंही नाही. उघडलं असतं तर तारखा दिसल्या असत्या, एखादं विमान दिसलं असतं, आणि मग नाही म्हणणं तिचं झालं असतं. न उघडल्यामुळं ते सरकारचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातल्या सिस्टरनं अप्पांच्या मोबाइलवरून कॉल लावून दिला. पडद्यावर आधी छत आलं, मग अप्पांच्या नाकाचा शेंडा, मग सिस्टरनं फोन नीट धरला. तोंडावर मास्क. गाल आत गेलेले. अप्पांनी मास्क बाजूला केला, सिस्टर "अहो आजोबा" म्हणाली, तरी केला, आणि

· · · · · · · · · · · · · · · · · ·

"नीला… तिकीट काढलंस का गं?"

यांना कसं कळलं? वल्लरी बोलली असणार. तरी बजावलं होतं, आजोबांना सांगायचं नाही म्हणून. एवढ्या आजारात, धाप लागलेली असताना, यांच्या डोक्यात ते पाकीट!

खोटं बोलावंसं वाटलं. नाही अप्पा, तसंच आहे, म्हणावं. पण त्या डोळ्यांपुढं तिला खोटं जमेना.

"हो अप्पा," ती म्हणाली. "काढलं."

अप्पांनी डोळे मिटले. ती रागाची वाट बघत राहिली.

"कधीचं?"

"पाच मेचं. पाच मेचंच, अप्पा. तुम्ही नको म्हणाला होतात, ठाऊक आहे मला. रागावू नका ना."

अप्पा रागावले नाहीत. मास्कच्या खुणा पडलेल्या त्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. त्यांच्या शाळेत एखाद्या ढ मुलानं अचानक सुंदर चित्र काढलं की यायचं, तसं.

"रागवू कशाला… शहाणी माझी ती."

"अप्पा, वल्लरीनं ना…"

"बास आता, ताई," सिस्टर मधे आली. "धाप लागतेय त्यांना." मास्क पुन्हा चढला. अप्पांनी दोन बोटं वर केली, टाटा केल्यासारखी, आणि पडद्यावर परत छत आलं.

नीलांबरी खाली बसली. किती महिन्यांचं ओझं उतरलं होतं.

"रागावले नाहीत," तिनं संध्याकाळी अभिजितला सांगितलं. "उलट शहाणी म्हणाले."

"बघ. उगाच घाबरत होतीस."

· · · · · · · · · · · · · · · · · ·

पाच मे आला आणि गेला. पुन्हा झेंडे, पुन्हा रिकामा रस्ता. नीलांबरीनं सहज म्हणून त्या तिकिटाकडे पाहिलं, एक वर्ष झालं म्हणून. दादाचा निरोप होता, जरा खाली-वर चाललंय.

सहा तारखेला पहाटे अप्पा गेले. घरी आणू दिलं नाही. स्मशानातही दादा एकटाच, अंगावर पांढरा प्लॅस्टिकचा झगा घालून, लांब उभा. बाकीच्यांनी फोनवर पाहिलं. ज्वाळेपेक्षा पडद्यावरची चौकोनांची जाळीच जास्त दिसली, नेटवर्क धड नव्हतं.

दादा मग बरेच दिवस बोललाच नाही. केला तो फोन एका रविवारी, वहिनी बरी होऊन घरी आल्यावर.

"नीला, एक विचारू का? खरं सांगशील?"

"विचार ना."

"तू अप्पांना सांगितलंवतंस, पाच मेला येते म्हणून?"

"मी? नाही. कोण म्हणालं?"

"अप्पा म्हणत होते. शेवटचे चार-पाच दिवस एकच घोकत होते. नीला येतेय. पाच मेचं तिकीट काढलंय तिनं. मला वाटलं बरळतायत. तिकडची विमानं बंद, ही कुठनं येतेय? म्हणून तुलाही विचारलं नाही, उगाच तुला त्रास. हो हो म्हणत राहिलो." त्याचा आवाज खाली गेला. "पाच तारखेला त्यांनी सिस्टरकडून दाढी करून घेतली. मास्क काढून, थांबत थांबत. मी किट घालून आत गेलो तर दाराकडं तोंड करून बसवलेले. मला ओळखेनात. मला वाटतं, माझ्या उंचीवरनं त्यांना कळलं की ही नीला नाही."

"दादा…"

"काय सांगणार होतो? मी म्हटलं, अप्पा, ती उतरली मुंबईला, पण नियम आहे, हॉटेलात क्वारंटाइन केलंय. सोडतील दोन-चार दिवसांत. तर म्हणाले, बरं. थांबतो मग." दादानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "काल दवाखान्याचे कागद आणायला गेलो तर ती सिस्टर भेटली. म्हणाली, तुमच्या बहीणबाई का आल्या नाहीत हो? फोनवर त्यांनीच तर सांगितलं, तिकीट काढलंय, पाच मेचं. मी कानानं ऐकलं."

मराठीत तिकीट सरकार काढतं, ते छापून. छंदी माणूस काढतो, ते भिजवून. आणि ज्याचं कुणी जवळचं शेवटच्या

· · · · · · · · · · · · · · · · · ·

"नीला… तिकीट काढलंस का गं?"

. . . . . . . . . .

"कधीचं?"

. . . . . . . . . . . . . . . . . . . .

"रागवू कशाला… शहाणी माझी ती."

· · · · · · · · · · · · · · · · · ·

घटका मोजत असतं, तो काढतो, ते निघण्यासाठी. सगळ्या जगाला हाच अर्थ आधी सुचतो. तिला शेवटी सुचला.

चाळीस वर्षांत अप्पांनी पोस्टाच्या तिकिटाबद्दल "कधीचं" असं एकदाही विचारलं नव्हतं. ते विचारायचे, "शिक्का कुठला?" आणि पाकिटावरून तिकीट काढलंय हे त्यांना खरंच कळलं असतं, तर ऑक्सिजनसकट उठून ओरडले असते. हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं. रागावले नाहीत, तिथेच.

"नीला? आहेस का?"

"आहे." तिनं ओट्याचा काठ धरला. "दादा, ते तिकीट म्हणजे… पोस्टाचं."

"काय?"

"पोस्टाचं रे. ते पाच मेच्या शिक्क्याचं. वल्लरीनं पाकिटावरनं भिजवून काढलं होतं. अप्पांनी काढू नको म्हणून सांगितलं होतं ना. मला वाटलं, ते त्याचंच विचारतायत."

पलीकडून एक आवाज आला, तो हसण्याचा की कसला हे तिला ओळखता आलं नाही.

"पोस्टाचं," दादा म्हणाला.

"हो."

"म्हणजे रद्द वगैरे काही झालं नव्हतं. मला वाटत होतं, निदान काढलं असशील, आणि मग विमानच रद्द झालं असेल. तुझ्या वहिनीला मी कालच म्हटलं, बिचारी निघाली होती."

तिनं ओट्यावरचं फडकं उचललं आणि परत ठेवलं.

"म्हणजे तू येणारच नव्हतीस," दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता. कुठल्याशा शंकेचं उत्तर मिळाल्यावर माणूस म्हणतो, तसं म्हणाला. "ठेवतो. तुझ्या वहिनीचं औषध द्यायचंय."

· · · · · · · · · · · · · · · · · ·

ती ओट्याशीच रडली, नळ सोडून, आवाज ऐकू जाऊ नये म्हणून. तरी तो गेलाच. जिन्याच्या पायरीवर वल्लरी बसलेली होती, गुडघे पोटाशी घेऊन. अभिजित उठून आला, नळ बंद केला, पाठीवर हात ठेवला. तिनं तो राहू दिला. पण वळून त्याच्याकडं पाहिलं नाही.

"झालं काय? विनय काही बोलला का?"

"तिकिटावरनं," ती म्हणाली. "मी तिकीट काढलं म्हणून."

त्याला काही कळलं नाही. पायरीवरच्या पोरीला मात्र कळलं, तिच्यापुरतं. ती उठून हळूच गेली. भांड्यांच्या कपाटाशी खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, मग वरच्या मजल्यावर शाळेची बॅग उघडल्याचा.

बऱ्याच वेळानं ती खाली आली. हातात पाकीट. पिवळी चिठ्ठी, दोन साधी तिकिटं, आणि कोपऱ्यात ते स्वातंत्र्याचं, शाळेच्या गोंदानं चिकटवलेलं. चारी बाजूंनी गोंद बाहेर आला होता. तिकीट कणभर तिरकं बसलं होतं. शिक्क्याचं अर्धं वर्तुळ पाकिटावर, अर्धं तिकिटावर, आणि मधे केसाएवढी फट. पाच आणि मे अलीकडं. साल पलीकडं, थोडं खाली घसरलेलं.

वल्लरीनं पाकीट दोन्ही हातांनी पुढं केलं. तिच्या बोटांना अजून गोंद होता.

"आई, नको रडू. बघ," ती म्हणाली. "तिकीट नीट काढलं."

नीलांबरीनं पाकीट घेतलं. वर्तुळावरून अंगठा फिरवला.

"शाबास," ती म्हणाली.